तुझ्या नावाची कमान

रोहिदास, काल तुझी गंधमुक्ती झाली. कुठे झाली, सांगू? आरोग्य केंद्रासमोरच्या त्या शेडखाली. ज्या शेडसाठी तू हात वर केलास, ज्या शेडवरून आपलं भांडण झालं आणि ज्या शेडखालच्या बाकावर तू बसल्या बसल्या गेलास, तिथेच तुझे भाऊबंद जमले. तुझ्या पोराच्या कपाळाला सुतक फिटल्याचं गंध लागलं, टोपी-टॉवेल झाले, आणि निघताना दोन-चार जण म्हणालेही, जागा किती सोयीची आहे. मी कडेच्या खुर्चीवर बसलो होतो. तेव्हा डोकं तापलं ते अजून उतरलेलं नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची रीत आहे. ते काल सगळ्यांनी पोटभर केलं. तू किती धावपळीचा, किती दिलदार, कॉलनीसाठी किती झटलास. खरंच आहे सगळं. पण मला तुझ्याशी भांडायचंय, कारण आपलं भांडण तू अर्धं टाकून गेलास.

तुझी चक्की आणि माझी सोसायटी यांच्यात एक रस्ता. तू सुरतेतल्या कोसाडच्या कॉलनीतला, अर्धं आयुष्य लूमच्या खडखडाटात घालवून कानाने जरा कमी ऐकणारा, म्हणून कायम वरच्या पट्टीत बोलणारा. मी महापालिकेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेला कारकून. दळण टाकायला आलो आणि तू मला पोत्यावर बसवून घेतलंस. तुझ्या भुवयांवर पीठ होतं. "मधूभाऊ, तुम्ही तिथे टेबलावर बसून आमच्या पोरांचा ताप कसा मोजता हो?" हा तुझा पहिला प्रश्न. मी आरोग्य खात्याच्या फायली पाहायचो हे तुला कोणी सांगितलं होतं, देव जाणे. त्या दिवशी माझं पीठ दळून झालं तरी आपलं दळण चालूच राहिलं.

तेव्हा सगळं मुख्य कचेरीतून चालायचं. केंद्रातला लसींचा फ्रीज बिघडला तरी मागणी वर जायची, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरायची, आणि फ्रीज दुरुस्त होईस्तोवर नर्सबाई बर्फाच्या पेटीवर दिवस काढायच्या. कॉलनीत कोणाला ताप आला की रक्त लांब कुठेतरी तपासायला जायचं. रिपोर्ट यायचा तेव्हा ताप तरी गेलेला असायचा, नाहीतर माणूस तरी मोठ्या दवाखान्यात भरती झालेला असायचा. तू म्हणायचास, पैसा वॉर्डात आला पाहिजे, आमचं काय दुखतं ते आम्हाला ठाऊक. मी म्हणायचो, नियम उगाच झालेले नाहीत, पैसा हातात आला की चोर जमतात. त्यावर तू चक्की बंद करून, मला नीट ऐकू यावं म्हणून, म्हणाला होतास, "चोर तुमच्याकडेपण आहेतच ना? मग आमचे चोर आमच्या डोळ्यांसमोर तरी असू द्या!"

या वाक्यावर मी आठवडाभर हसत होतो. घरी बायकोलाही सांगितलं होतं.

आणि मग तुझं खरं झालं. केंद्राचा काही पैसा केंद्राच्याच समितीने ठरवून खर्च करायचा, असा हुकूम आला. समितीत पाच माणसं. अध्यक्ष म्हणून आपला नगरसेवक, ज्याला सगळे नुसतं भाई म्हणतात, आणि त्याचा एक माणूस. मग डॉक्टरबाई, अंगणवाडीच्या बाई आणि कॉलनीचा प्रतिनिधी म्हणून तू. तू पेढे वाटलेस. मी पेढा खाल्ला आणि विचारलं, "पैसा वॉर्डात आला, पण वॉर्ड कोणाचा, रोहिदास?" तुझी निम्मी कॉलनी मत द्यायला गाडीत बसून गावाकडे जाते. माणसं सुरतेत म्हातारी झाली तरी नावं शिंदखेड्याला नाहीतर अमळनेरला. तुझं स्वतःचं नाव गावच्या यादीत, का, तर चुलतभावाला सरपंच करायचं होतं. ज्याचं मत आपल्याला मिळायचं नाही, त्याच्या दुखण्याशी नगरसेवकाला काय देणंघेणं? तू हात झटकलास. पीठ उडालं माझ्या चष्म्यावर.

पण पहिलं वर्ष तुझं होतं, हे मी तेव्हाही कबूल केलं आणि आजही करतो. तुम्ही त्या पैशातून हर्षिदाला ठेवलंत. साधी टेक्निशियन पोरगी, अमरोलीहून सायकलवर यायची. ती आली आणि केंद्राचं रूप बदललं. रक्त सकाळी दिलं की दुपारी रिपोर्ट. कार्डिओग्रामचं मशीन आधीपासून खोक्यात पडून होतं, ते तिने बाहेर काढलं, पुसलं, चालू केलं. तू चक्कीवर आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला हाताला धरून तिच्याकडे न्यायचास. "चाल, पट्टी काढी लेऊत," म्हणायचास, फोटो काढायला निघाल्यासारखा.

मलाही तूच नेलंस. मी दळण घेऊन आलो होतो आणि पोत्यावर बसता बसता घामाने निथळलो. मी म्हटलं, उन्हाने झालं असेल. तू ऐकलं नाहीस. चक्की तशीच चालू टाकून मला स्कूटरवर मागे बसवलंस. माझ्या शर्टाला तुझ्या हातांचं पीठ लागलं होतं. हर्षिदाने मला टेबलावर निजवलं आणि ती म्हणाली, "काका, हलशो नहीं." नका हलू. मशीनमधून पट्टी निघाली, डॉक्टरबाईंनी पाहिली, आणि त्या मला चहाही पिऊ देईनात. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात माझ्या हृदयाच्या नळीत स्टेंट पडला. शुद्धीवर आलो तेव्हा तू पायथ्याशी उभा होतास आणि पहिलं काय बोललास? "आता सांगा मधूभाऊ, पैसा कुठे पाहिजे? वर का वॉर्डात?" माझ्या नाकात नळी होती, नाहीतर तेव्हाच भांडलो असतो.

मी जिवंत आहे तो तू भांडून मिळवलेल्या त्या पैशामुळे. हे मी तुला कधी तोंडावर म्हटलं नाही. तुला ते ठाऊक होतं आणि तू ते दर दळणाला वसूल करायचास.

म्हणूनच मला तुझा इतका राग येतो.

कारण दुसऱ्या वर्षी भाईचं डोकं चाललं. पगाराचं उद्घाटन करता येत नाही. हर्षिदासमोर नारळ फोडता येत नाही, तिच्यावर नाव रंगवता येत नाही. तिच्या पगाराच्या पैशात बांधलेल्या शेडचं सगळं करता येतं. शेड, फरशी, बाक, बाकांच्या पाठीवर सौजन्य म्हणून आपलं नाव. ही त्याची हुशारी मी समजू शकतो, माझी हयात अशा माणसांच्या फायली पाहण्यात गेली. पण त्याच्याकडे दोन हात होते आणि डॉक्टरबाई आणि अंगणवाडीच्या बाई हर्षिदाच्या बाजूने होत्या. मधे तू होतास, रोहिदास. फक्त तू.

आणि त्याला तुझी नस बरोबर सापडली. कानबाई.

कानबाईचं मला तूच शिकवलंस. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, नारळाला नथ, डोळे, दागिने, आणि तिच्यासाठी रोट. त्या रोटांचा गहू दळण्याआधी तू चक्की धुऊन काढायचास, पाट्या घासायचास, स्वतः अंघोळ करून बसायचास, आणि त्या दिवशी माझं साधं दळण टोपलीतच पडून राहायचं. कॉलनीतली घरं एका खोलीची, भाऊबंद एवढे सारे, म्हणून तुम्ही कानबाई केंद्रासमोरच्या मोकळ्या जागेत बसवायला लागलात. आदल्या वर्षी पावसाने मांडव कोसळला आणि तू सकाळपर्यंत देवीवर छत्री धरून उभा होतास. ते सगळ्या कॉलनीने पाहिलं होतं. भाईनेही पाहिलं होतं.

बैठकीत तो काय म्हणाला ते तूच मला सांगितलंस, वर हसत हसत. "रोहिदासभाई, शेड में दवाखाने की पब्लिक भी बैठेगी और तुम्हारी कानबाई माता भी. लडकी को अगले साल वापस ले लेंगे." आणि तू हात वर केलास.

त्या दिवशी चक्कीवर आपण जे भांडलो ते शेजारच्या पानवाल्यानेही ऐकलं.

"अरे, त्या पोरीने माझा जीव वाचवला!"

"मी कुठे नाही म्हणतो? एका वर्षाची तर गोष्ट आहे."

"भाई पुढच्या वर्षी तिला परत घेईल? तू ओळखतोस त्याला?"

"मधूभाऊ, तुम्हाला नाही कळणार. तुमचं दैवत घरातल्या देव्हाऱ्यात मावतं. आमची कानबाई पावसात भिजली होती."

"मग वर्गणी काढा! दवाखान्याचा पैसा कशाला?"

"तो पैसा आमचाच आहे. आम्ही ठरवू."

मीच तर तुला इतकी वर्षं डिवचत होतो, की तुम्हाला ठरवता येणार नाही. तू ठरवून दाखवलंस. मी गव्हाची टोपली उचलली आणि दुसऱ्या चक्कीवर टाकली.

यात माझं चुकलं असं मी म्हणणार नाही, माफीही मागणार नाही. तूही मागितली नाहीस. महिन्याभराने माझ्या दारात पिठाची पिशवी ठेवून गेलास, बेल न वाजवता. आम्ही त्या पिठाच्या पोळ्या खाल्ल्या, चांगल्या झाल्या, आणि मी तुला फोन केला नाही. गेल्या श्रावणात तुमची कानबाई शेडखाली बसली. पाऊस धो धो आला आणि देवीवर थेंब पडला नाही. बँड मला गॅलरीत ऐकू येत होता, आणि तुझा आवाज तर बँडच्याही वर. तू खुशीत होतास. तुझा आनंद खोटा नव्हता, हे मला मान्य आहे.

हर्षिदा तेव्हा पलसाण्याकडच्या एका खासगी लॅबमध्ये लागली होती. भाईचं पुढचं वर्ष आलं आणि त्यात फरशी आली.

सुमनवहिनी सांगते, दिवाळीपासून तुला गहू उचलताना छातीत भरून यायचं. तू म्हणायचास, गॅस आहे. ओवा खायचास, सोडा प्यायचास. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, काका, मोठ्या दवाखान्यात जाऊन कार्डिओग्राम काढून या. मोठा दवाखाना म्हणजे पूर्ण दिवस. केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची रांग, मग मशीनची रांग. तू म्हणालास, चक्की कोण चालवेल? आणि इथे, तुझ्या चक्कीपासून हाक मारल्यावर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, कुलूप लावलेल्या खोलीत, प्लास्टिकच्या कव्हराखाली ते मशीन पडून होतं. दुसऱ्यांना हाताला धरून पट्टी काढायला नेणारा तू. तुला न्यायला कोणी नव्हतं, आणि नेऊन करायचं काय, खोली उघडायला कोणी नव्हतं.

त्या सकाळी तू आपल्या पायांनी केंद्रात गेलास. डॉक्टरबाई यायच्या होत्या. नर्सबाईंनी तुझा चेहरा पाहिला, जिभेखाली गोळी दिली आणि तुझ्या पोराला म्हणाल्या, रिक्षा आण, यांना लगेच मोठ्या दवाखान्यात ने. तू शेडखाली बाकावर बसलास. पोरगा रिक्षा घेऊन आला तेव्हा तुझी मान बाकाच्या पाठीवर टेकलेली होती. भाईच्या नावावर. नर्सबाई मला हे सांगताना रडत होत्या. मला रडू आलं नाही, मला तुला गदागदा हलवून विचारायचं होतं की आता सांग, पैसा कुठे पाहिजे?

हा प्रश्न विचारून मी जिंकलो असं तुला वाटेल. नाही जिंकलो. पैसा वर राहिला असता तर हर्षिदा आलीच नसती, मशीन खोक्यातच राहिलं असतं आणि मी तुझ्या आधी गेलो असतो. पैसा वॉर्डात आला म्हणून मी वाचलो आणि पैसा वॉर्डात आला म्हणून तू गेलास. माझ्या सगळ्या फायलींमध्ये याचं उत्तर नाही, आणि ज्याच्याशी बोलून ते काढलं असतं तो माणूस तिथे बाकावर बसून निघून गेला. सांग, मी कोणावर ओरडू?

काल भाई आला. पांढरा झब्बा, सोबत सात-आठ माणसं. त्याने तुझ्या फोटोला हार घातला, हात जोडले आणि मग माइक मागितला. तुझ्या गंधमुक्तीला माइक होता, रोहिदास, तुला आवडलं असतं. तो म्हणाला, "रोहिदासभाई हमारे वडील थे. इस कॉलनी के दरवाजे पर उनके नाम की कमान बनेगी. दवाखाने की समिती के फंड से ही बनाएंगे, क्यों कि दवाखाना उनका जीव था." पुढे म्हणाला, "और समिती में उनकी खुरशी खाली नहीं रहेगी. भाभी बैठेगी."

सुमनवहिनीला त्याने विचारलंही नव्हतं. बाईमाणूस, ताजं दुःख, नवऱ्याच्या नावाची कमान, नाही कशाला म्हणेल, असा त्याचा हिशेब असणार. मग त्याने लोकांना विचारलं, "जिसको कमान मंजूर है, हाथ ऊपर."

सगळे हात वर गेले. तुझ्या भाऊबंदांचे, लूमवरच्या तुझ्या जुन्या कारागिरांचे, पानवाल्याचा. गंधमुक्तीला आलेला माणूस तुझ्या नावाला नाही कसा म्हणेल? रडत रडत हात वर केले लोकांनी. तुझ्या पोराचाही हात वर होता आणि त्याच्या कपाळावरचं गंध अजून ओलं होतं. तुझ्यावरच्या प्रेमापोटी तुझी माणसं तीच चूक पुन्हा करत होती, अगदी तुझ्यासारखी, भरल्या मनाने. मला ओरडावंसं वाटलं. मी फक्त हात मांडीवर दाबून ठेवले.

बायकांच्या बाजूला सुमनवहिनी बसली होती. तिचे हात पदराखाली होते. भाईने माइकवरून हाक मारली, "भाभी?"

ती उठली नाही. बसल्या जागेवरून, माइकशिवाय, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्यास्ना नावनी कमान माले नको. छातीमा काय व्हयी ऱ्हायनं, ते कमान सांगनार नही. त्या मशीनवर ती पोर परत बसाडा."

भाईला अहिराणी कळत नाही असं नाही, इतकी वर्षं तुमच्या कानबाईला येतो तो. पण तो हसून म्हणाला, "भाभी अभी दुख में हैं, सोमवार की मीटिंग में देखते हैं." काही हात खाली आले. जास्त हात वरच राहिले. तुझ्या पोराने आईकडे पाहिलं आणि त्याचा हात धड वर नाही धड खाली नाही असा राहिला. मग कोणीतरी जेवणाच्या पत्रावळी मांडायला सुरुवात केली.

सोमवारी बैठक आहे. भाईचे दोन हात, डॉक्टरबाईंचे आणि अंगणवाडीच्या बाईंचे दोन. मधे तुझी खुर्ची, आणि त्या खुर्चीवर वहिनी. कमान झाली नाही तर या शहरात तुझं नाव कुठेच लागणार नाही. मतदारयादीतही नाही, तिथे ते गावाकडेच आहे. कॉलनी तिच्यावर चिडेल. लोक म्हणतील, बाई नवऱ्याच्या नावावर उठली. मी काल निघताना तिला हे सगळं सांगितलं, कारण सांगायला हवं होतं. तिने ऐकून घेतलं. तुझी चक्की बंद होती, तिच्या कुलपाकडे बघत ती म्हणाली,

"मधूभाऊ, त्यासनी एक डाव हात वर करा, नि मना कपायवरनं कुकू गयं. आते मना हात शे." तू एकदा हात वर केलास, आता हात तिचा आहे.

माझं दळण घरी डब्यात पडून आहे, रोहिदास. चक्की उघडली की मी ते तिच्याकडेच टाकणार आहे.